अवकाशयानाचा जमाखर्च

‘पुष्पक ६३४-ए’ या यानात ठरलेल्या वेळी माल उतरतो. माल म्हणजे नुकतीच मरण पावलेली माणसे. यानावरचा कर्मचारी प्रत्येकाचे नाव नोंदवतो, अंगावरच्या आणि खिशातल्या वस्तू काढून घेतो, जखमा भरून आणतो, खुर्चीत बसवून स्मृती पुसतो आणि त्या जिवाला पुढच्या जन्माकडे रवाना करतो. आवक, नोंद, तपासणी, जावक. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या अडत दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला कामाची ही रीत मुळीच परकी वाटणार नाही. फरक इतकाच की येथे मोजल्या जातात त्या कापसाच्या गाठी नव्हेत. चित्रपटाचे नावही असेच साधे आणि व्यापारी आहे: ‘कार्गो’.

हा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला आरती कडव यांनी. त्या मूळच्या नागपूरच्या. आय.आय.टी. कानपूरमधून अभियांत्रिकीचे शिक्षण, सॉफ्टवेअर क्षेत्रातील नोकरी आणि मग ती सोडून चित्रपट, असा त्यांचा प्रवास. ‘टाइम मशीन’सारखे लघुपट करून हात बसवल्यानंतर त्यांनी पूर्ण लांबीच्या विज्ञानपटाचा घाट घातला. निर्माते म्हणून त्यांच्यासह श्लोक शर्मा, नवीन शेट्टी आणि अनुराग कश्यप यांची नावे लागली. विक्रांत मॅसी यांनी यानावरचा जुना कर्मचारी प्रहस्त रंगवला, श्वेता त्रिपाठी यांनी त्याची नवी सहकारी युविष्का. २०१९ च्या मुंबई चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील ऑस्टिनच्या ‘साउथ बाय साउथवेस्ट’ महोत्सवात तो जाणार होता, पण करोनाच्या साथीमुळे तो महोत्सवच रद्द झाला. अखेर ९ सप्टेंबर २०२० रोजी ‘कार्गो’ नेटफ्लिक्सवर आला.

कथेतला तपशील भारतीय मातीतला आहे. माणसे आणि राक्षस यांच्यात तह झालेला आहे आणि मृतांच्या रवानगीचे काम राक्षसांकडे सोपवलेले आहे. प्रहस्त हे रावणाच्या सेनापतीचे नाव, पुष्पक हे त्याच्या विमानाचे. पूर्वभव आणि पुढचा भव हे शब्द ज्या घरांत रोजच्या बोलण्यात येतात, तेथे या कथेचा गाभा समजावून सांगावा लागत नाही. एक शंका मात्र घरातली वडीलधारी मंडळी नक्की विचारतील: स्मृती पुसली हे ठीक, पण कर्माच्या खात्याचे काय? चित्रपट त्या वाटेला जात नाही. त्याचे लक्ष त्या एकट्या कर्मचाऱ्याकडे आहे, जो वर्षानुवर्षे इतरांना निरोप देतो आणि स्वतः कोठेच जात नाही.

व्यापारी वाचकाला खरी उत्सुकता वाटावी ती वेगळ्याच गोष्टीची. अवकाशपट म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो अफाट खर्च. अमेरिकी चित्रसंस्था अशा चित्रपटावर जितकी रक्कम ओततात, तितकी येथे पाहायलाही मिळत नाही. मग मोजक्या पैशांत अवकाश आणायचे कोठून? कडव यांनी काढलेला तोडगा एखाद्या हिशेबी मुनीमाला शोभेल असा आहे. अवकाशातली खर्चिक बाब म्हणजे यानाबाहेरचे दृश्य. म्हणून कथा बहुतांश यानाच्या आतच घडते. यान मुंबईत उभारलेल्या सेटवर बांधले. त्यातली यंत्रे चकचकीत नाहीत. जुन्या सरकारी कचेरीतून उचलून आणल्यासारखी दिसतात, आणि पृथ्वीवरचा वरिष्ठ अधिकारी बोलतो तोही जुन्या दूरचित्रवाणी संचासारख्या पडद्यावरून. हा गरिबीचा देखावा वाटत नाही, कारण कथाच एका थकलेल्या, कारकुनी यंत्रणेची आहे. कायमची पात्रे दोन. बाकीचे जग पाळीपाळीने मृत होऊन यानात येते. जगभर हिंडण्यापेक्षा जगालाच एका खोलीत बोलावण्याची ही युक्ती आहे.

याच्या नेमकी उलट वाटही यशस्वी झालेली आहे.

एका व्हॅनमध्ये मावलेले पथक

ब्रिटनचे गॅरेथ एडवर्ड्स हे संगणकावर दृश्य-करामती तयार करणारे तंत्रज्ञ. २०१० मध्ये आलेला ‘मॉन्स्टर्स’ हा त्यांचा पहिला चित्रपट. परग्रहावरचे प्राणी मेक्सिकोच्या उत्तर भागात वाढले आहेत, तो प्रदेश बंद केला आहे आणि एका छायाचित्रकाराला आपल्या मालकाच्या मुलीला त्यातून सुखरूप अमेरिकेत पोहोचवायचे आहे, एवढीच कथा. सेट एकही बांधला नाही. मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ, कोस्टा रिका आणि अमेरिकेतले टेक्सास असा प्रवास करत, एका व्हॅनमध्ये मावेल एवढ्या माणसांनिशी चित्रीकरण झाले. व्यावसायिक नट दोनच होते, स्कूट मॅकनेरी आणि व्हिटनी एबल. बाकी भूमिका वाटेत भेटलेल्या माणसांनी केल्या: तिकीट विकणारा, पहारेकरी, नावाडी. टेक्सासमधील गॅल्व्हस्टन शहर २००८ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले होते. तेथले मोडके रस्ते आणि घरे हाच चित्रपटातला परग्रहवासीयांनी केलेला विध्वंस ठरला. कॅमेरा आणि दिग्दर्शन एडवर्ड्स यांच्याकडेच होते. परत आल्यावर त्यांनी घरी बसून, बाजारात कोणालाही विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने, रस्त्यावरच्या साध्या पाट्यांवर धोक्याच्या सूचना उमटवल्या, क्षितिजावर महाकाय प्राणी उभे केले. एकूण खर्च पाच लाख डॉलरच्या आत राहिला. अमेरिकी विज्ञानपटाच्या मानाने ही रक्कम नगण्यच.

या मिळकतीवर एडवर्ड्स यांना मोठे चित्रपट मिळाले; ‘गॉडझिला’ २०१४ चा, ‘रोग वन’ २०१६ चा. तरी २०२३ च्या ‘द क्रिएटर’साठी ते पुन्हा जुन्याच पद्धतीकडे वळले. प्रथम अगदी थोड्या माणसांसह आशियातल्या देशांत हिंडून साध्या कॅमेऱ्याने दृश्ये टिपली आणि त्यांवर यंत्रमानव व यंत्रे चढवून चित्रसंस्थेला दाखवली. सौदा ठरला तो त्या नमुन्यावर. मग थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, नेपाळ, इंडोनेशिया, जपान असे देश पालथे घातले. मुख्य कॅमेरा होता सोनीचा एफएक्स-३, सुमारे चार हजार डॉलरचा, लग्नाचे चित्रीकरण करणारे व्यावसायिकही वापरतील असा. चित्रपटाचा खर्च आठ कोटी डॉलर झाला, हे खरे. पण त्या तोलाच्या इतर विज्ञानपटांशी तुलना केली तर ही काटकसरच म्हणावी लागेल.

परदेशी चित्रीकरण म्हटले की विमानाची तिकिटे आणि हॉटेले डोळ्यांपुढे येतात. निर्यातीचा अनुभव असलेल्या घराला त्याआधी दुसरी अडचण दिसेल, ती सीमाशुल्काची. लाखोंचे कॅमेरे आणि भिंगे प्रत्येक देशात नेताना आयात म्हणून शुल्क भरावे लागले आणि परतताना पुन्हा तोच वाद झाला, तर लहान पथक पहिल्याच विमानतळावर बुडेल. यासाठी ‘एटीए कार्ने’ नावाची आंतरराष्ट्रीय सोय आहे. सामानाची यादी, प्रत्येक उपकरणाचा क्रमांक आणि किंमत लिहून, हमी भरून हा दाखला घेतला की वर्षभरात ते सामान सभासद देशांत तात्पुरते नेता-आणता येते. भारतात हा दाखला देण्याचे काम ‘फिक्की’ या उद्योगसंघटनेकडे आहे. प्रदर्शनात नमुने मांडणारे हिऱ्यांचे आणि कापडाचे व्यापारी तो वापरतात. चित्रपटवाल्यांसाठीही तोच उपयोगी पडतो. यादीतला एक क्रमांक चुकला तर मात्र परतीच्या वेळी खुलासा देत बसावे लागते. रोजमेळ ज्याला चोख ठेवता येतो, त्याने पथकाच्या व्यवस्थापकाचे निम्मे काम शिकलेलेच असते.

पदरमोड करून जग फिरल्याचे टोकाचे उदाहरण जालंधरच्या तरसेम सिंग यांचे. त्यांचा ‘द फॉल’ विज्ञानपट नाही, अद्भुतकथा आहे. जाहिरातींच्या कामासाठी ज्या ज्या देशांत जाणे होई, तेथे जोडीने आपल्या चित्रपटाची दृश्ये टिपत त्यांनी चार वर्षांत वीसहून अधिक देश पालथे घातले आणि त्यात स्वतःची कमाई घातली. जयपूरचे जंतरमंतर, आभानेरीची चाँद बावडी आणि लडाख त्यात एका काल्पनिक जगाचे भाग म्हणून येतात. एका खेपेच्या भाड्यात दोन कामे, हे गणित गावोगाव माल पोहोचवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आणि ज्याला गाव सोडणेही परवडत नाही, त्याने काय करावे? अमेरिकेतले शेन कॅरुथ हेही अभियंतेच. २००४ चा त्यांचा ‘प्रायमर’ सुमारे सात हजार डॉलरमध्ये झाला. गॅरेजमध्ये प्रयोग करताना दोन तरुणांच्या हाती चुकून कालयंत्र लागते, ही कथा. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि मुख्य भूमिका, सर्व कॅरुथ यांनीच निभावले. फिल्म महाग, म्हणून टिपलेले बहुतेक सर्व चित्रण चित्रपटात वापरले. वाया घालवायला काही नव्हतेच. सनडान्स महोत्सवात त्या वर्षीचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक त्यांना मिळाले. चित्रपट पहिल्यांदा पाहून समजत नाही, अशी तक्रार प्रेक्षक आजही करतात, आणि ती रास्त आहे.

वाटाण्याचे तारण

‘कार्गो’मध्ये प्रहस्ताशी पृथ्वीवरून बोलणारा वरिष्ठ नीतिज्ञ रंगवला आहे नंदू माधव यांनी. मराठी प्रेक्षक त्यांना ओळखतो तो परेश मोकाशी यांच्या २००९ मधील ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तले दादासाहेब फाळके म्हणून. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे, कारण स्वतंत्र चित्रपटाच्या भांडवलाची गोष्ट मराठीत फाळक्यांपासूनच सुरू होते.

१९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहून फाळके या धंद्याने झपाटले. पुढचे काही महिने त्यांनी मिळेल ते साहित्य मिळवून अभ्यास केला, डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टीच गेल्यासारखी झाली. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना मदत केली, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहता आले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन ते परतले. त्या काळी एखादा कापूस-व्यापारी लिव्हरपूलचा भाव समजून घ्यायला समुद्र ओलांडत असेल, तर त्यात नवल नव्हते. हलत्या चित्रांसाठी ओलांडणे हे घरच्यांनाही वेडेपणाचे वाटले.

कॅमेरा आला, पण चित्रपट काढायला पैसा नव्हता. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्यासमोर कॅमेरा लावला. महिनाभराहून अधिक काळ रोज थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर दाणा फुटला, कोंब वर आला आणि वेल झाला, सर्व काही मिनिटाभरात. ‘अंकुराची वाढ’ नावाचा हा चिमुकला पट त्यांनी निवडक मंडळींना दाखवला आणि त्याच्या बळावर कर्ज मिळवले. भारतात चित्रपटाच्या भांडवलासाठी प्रथम दाखवलेला नमुना पौराणिक नव्हता, वनस्पतिशास्त्राचा होता. एडवर्ड्स यांनी ‘द क्रिएटर’साठी नेलेला नमुना आणि हा वाटाणा यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, युक्ती एकच.

सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा या हिशेबात नेहमी कमी लिहिला जातो. दागिने तारण गेले, एवढेच सांगून लोक थांबतात. प्रत्यक्षात त्या काळोख्या खोलीत फिल्मला भोके पाडत, रसायने कालवत, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवत आणि पथकातल्या सगळ्यांचा स्वयंपाकही करत. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लोकांसाठी खुला झाला, तेव्हा त्या घरातून वर्षभरात काय काय गेले होते, याची खतावणी कोणी मांडलेली नाही.

यानंतरचा भाग व्यापारी घरांनी विशेष वाचावा असा आहे. चित्रपट चालले, नाव झाले, आणि १९१८ मध्ये भागीदार मिळून नाशिकला ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. वामन श्रीधर आपटे व्यवस्थापकीय भागीदार होते. थोड्याच काळात तक्रारी सुरू झाल्या. फाळके खर्च फार करतात, वेळ फार लावतात, असे भागीदारांना वाटे. कलेला घड्याळ लावता येत नाही, असे फाळक्यांना. १९१९ मध्ये ते कंपनी सोडून काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, आणि काही वर्षांनी परतले. दोष एकाचाच होता असे म्हणणे सोपे आहे, न्यायाचे नाही. भागीदारांनी पैसा दिला होता, पण चित्रपटाच्या खर्चाचा अंदाज आधी कागदावर बांधण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. आज निर्मितीपूर्वी दृश्यागणिक अंदाजपत्रक होते, दिवसाचे वेळापत्रक ठरते आणि पैसे टप्प्याटप्प्याने सुटतात. तसे लेखी नसेल तर शंभर वर्षांपूर्वीचे भांडण आजही जसेच्या तसे होऊ शकते.

बेरारची वही

अमरावतीचे चित्रपटाशी नाते पडद्यामागचे आहे. १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या हवाली केलेला आणि पुढे मध्य प्रांताला जोडलेला बेरार हा प्रदेश सरकारी नकाशातून नाव म्हणून कधीच पुसला गेला. चित्रपट व्यवसायाने मात्र ‘सी. पी. बेरार’ हे नाव सोडले नाही. वितरणासाठी देशाचे जे विभाग पाडले गेले, त्यांतला एक आजतागायत याच नावाने ओळखला जातो. भुसावळ आणि अमरावती ही त्याची ठाणी. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या वितरकांच्या संघटनेचे मुख्यालय भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी असावे, यातच त्या धंद्याचे स्वरूप दिसते. पंधरा-सोळा रिळांच्या पत्र्याच्या पेट्या रेल्वेच्या पार्सलने आणि एस.टी.च्या टपावरून गावोगाव जात. एका टॉकीजचा खेळ संपला की पेटी दुसऱ्या गावच्या गाडीवर चढे.

हा सौदा कसा होई, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. वितरक निर्मात्याला ‘मिनिमम गॅरंटी’ देई, म्हणजे चित्रपट चालो वा पडो, ठरलेली रक्कम देणे भाग. गल्ल्यातून आधी ती रक्कम, मग प्रिंट आणि जाहिरातीचा खर्च, मग वितरकाचे कमिशन सुटे. त्यावर उरेल ते ‘ओव्हरफ्लो’, आणि त्याची वाटणी निर्माता व वितरकात होई. ज्याला एवढी जोखीम नको, तो नुसत्या कमिशनवर अडत्याप्रमाणे चित्रपट लावी. कपाशीचा वायदा आणि चित्रपटाची गॅरंटी यांत अंदाजाचा भाग सारखाच होता, म्हणूनच व्यापारी पेढ्यांना तो धंदा जमला.

२००५ च्या सुमारास उपग्रहावरून चित्रपट थेट चित्रगृहात उतरवण्याची सोय आली आणि पेट्या थांबल्या. पुढे ‘कार्गो’सारखे चित्रपट एका रात्रीत जगभरच्या घरांत एकाच वेळी पोहोचू लागले. त्या सौद्यात विभाग नाही, वितरक नाही, गल्लाही नाही. एक रक्कम ठरते आणि हक्क जातात. लहान निर्मात्याला यात दिलासा आहे, कारण ज्या विज्ञानपटाला बेरारातल्या कोणत्याही टॉकीजने दोन आठवडे दिले नसते, तो पडद्यापर्यंत पोहोचला. पण किती लोकांनी पाहिला हे निर्मात्याला नीट कळत नाही आणि ओव्हरफ्लो नावाची गोष्टच उरत नाही. मधल्या माणसाचे जे कसब होते, आपल्या प्रदेशात काय चालेल हे नाकाने ओळखण्याचे, ते मात्र कोणत्याही यंत्राने विकत घेतलेले नाही. ते आता वितरणाऐवजी निर्मितीकडे वळवता येईल का, हा वऱ्हाडापुढचा प्रश्न आहे. मराठीत सुजय डहाके यांच्या २०१६ च्या ‘फुंतरू’सारखे विज्ञानपटाचे प्रयत्न मोजकेच झाले आहेत, म्हणजे बाजार भरलेला नाही. राज्य शासनाचे अनुदान मराठी चित्रपटाला दर्जानुसार मिळते, पण ते चित्रपट पुरा झाल्यावर. बियाण्याचे पैसे घरातूनच घालावे लागतात.

आणि जमीन? परग्रह शोधायला वऱ्हाडाबाहेर जाण्याची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसाल्ट खडकात उल्काघाताने झालेले. चंद्र आणि मंगळ यांचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बेसाल्टचा, म्हणून अभ्यासक येथे येतात. पूर्वी त्याचे वय ५२ हजार वर्षे मानत. २०१० च्या सुमारास आर्गॉन पद्धतीच्या मापनाने ते ५ लाख ७० हजारांपर्यंत नेले. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. गावातले दैत्यसूदन मंदिर लवणासुराच्या वधाची कथा सांगते. राक्षस, आघात आणि आकाश यांची सांगड ‘कार्गो’च्या कितीतरी आधी या काठावर घातली गेली आहे. मात्र लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतही. तेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय, जनरेटर आणि झगझगीत दिवे घेऊन उतरता येणार नाही, येऊही नये. काठावरून, मोजक्या माणसांनी, दिवसाच्या उजेडात काम करणाऱ्यालाच ती जागा साजेल.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा त्याहून सोपा. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या सीमेवरची ही भेगाळलेली जमीन, खारट विहिरी आणि उन्हाळ्यात मैलोन्‌मैल झाड नसलेले क्षितिज. दर्यापूरजवळ महिमापूरची सातमजली पायविहीर आहे. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या ‘शकुंतला’चे अरुंद रूळ गवतात बुजले आहेत, मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांनी १९६५ च्या ‘आल्फाव्हिल’मध्ये एकही सेट न बांधता, रात्रीच्या पॅरिसलाच दूरच्या ग्रहावरचे शहर म्हणून दाखवले. तेथे काचेच्या इमारती होत्या, येथे जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या शेड आहेत: पत्र्याचे उंच छत, लोखंडी खांब, हवेत तरंगणारी रुई. कॅमेऱ्यापुढे तरंगणाऱ्या त्या तंतूंना गुरुत्वाकर्षण नसल्याचा भास सहज देता येईल, फक्त आगीची दक्षता घ्यावी लागेल. राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आहे. ड्रोन उडवायचा तर आधी हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा; २०२५ मध्ये बेलोऱ्याहून नियमित विमानसेवा सुरू झाल्यापासून अमरावतीच्या आसपास ते अधिकच आवश्यक झाले आहे.

शेड मिळण्याचे वेळापत्रक मात्र कपाशीच ठरवते. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत यंत्रे थांबत नाहीत. वैशाखात शेड रिकामी होते, पण तेव्हा अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याखाली कॅमेरे तापून बंद पडतात आणि माणसेही. मृगानंतर पत्र्यावर पाऊस वाजू लागला की संवादाचे ध्वनिमुद्रण अशक्य. उरतो तो पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ, सुमारे चाळीस दिवसांचा, तोही पावसाने उघडीप दिली तर. आणि शेडचे मालक जैन असतील तर त्यातून पर्युषणाचे किंवा दशलक्षणाचे दिवस आधीच वजा धरावे लागतील.